गयाबाईच्या मडक्यातलं मोहाचं बी

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला लोक घरी बोलावतात ते बहुधा कुंडीतला मोगरा का फुलत नाही हे विचारायला. चहा पाजतात, कुंडी पुढे सरकवतात, आणि मी ‘पाणी कमी घाला’ म्हणून सुटते. या आषाढात मला आदिलाबाद जिल्ह्यातून असंच बोलावणं आलं. फक्त कुंडीच्या जागी एक मडकं होतं, आणि तिथून सुटणं मला फारसं जमलं नाही.

बोलावणारा प्रकाश, माझा जुना विद्यार्थी. यवतमाळच्या आमच्या कॉलेजात शेवटच्या बाकावर बसायचा आणि सूक्ष्मदर्शकाखालची काच हमखास फोडायचा. आता जैनथच्या पुढे, पैनगंगेकडच्या एका खेड्यात मराठी शाळेवर मास्तर आहे. त्याने एसटीडी बूथवरून कॉलेजात फोन केला आणि बूथचं मीटर पळतंय या धास्तीने सगळं एका दमात सांगून टाकलं. त्याला बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात कारकुनी मिळाली होती. बायको-मुलं सामान घेऊन क्वार्टरमध्ये राहायलाही गेली होती. पण आई, गयाबाई, गाव सोडत नव्हती. तिने परसात मोहाचं बी पेरलं होतं आणि ते उगवल्याशिवाय ती हलणार नव्हती.

हट्ट म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हती. प्रकाशच्या आधी गयाबाईला एक मुलगी झाली होती. अंगावर पीत असतानाच ती गेली, नाव ठेवायचंही राहून गेलं. दिवस कापूस वेचणीचे होते. गयाबाई ज्याच्या शेतावर मजुरीला जायची त्याच्याच बांधावर, मोहाच्या झाडाखाली, तिला पुरलं. पुढे सगळी वर्षं गयाबाईने दुपारची भाकरी त्याच झाडाखाली खाल्ली. ट्रॅक्टरला आडवं येतं, काढायचंय असं शेतमालक बरेच दिवस म्हणत होता, आणि गेल्या दिवाळीनंतर त्याने तो मोह मुळासकट काढून टाकला आणि जमीन सलग केली. त्या झाडाचं काही राहिलं असेल तर गयाबाईने त्याच्या शेवटच्या बहरात वेचून ठेवलेलं बी.

‘तुमी येऊन फक्त एवढं सांगा मॅडम, का हे दोन महिन्यांनी उगवते म्हणून,’ प्रकाश म्हणाला. ‘तुमचं ऐकन ते. मंग येईन माझ्यासंगं.’

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझा स्वभावच असा की कुणाची अडचण ऐकली की आधी पाय शिवशिवतात, डोकं मागाहून येतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाल गाडीत जाऊन बसले.

जैनथकडे

पांढरकवडा मागे पडलं, पैनगंगेचा पूल आला, आणि पलीकडच्या पाट्यांवरची अक्षरं एकदम गोल झाली. बाकी काहीच बदललं नाही. तीच काळी माती, तीच सरकी नुकती उगवून आलेली. कापसाच्या रोपाची मला नेहमी गंमत वाटते. दोन जाड पानं जमीन फोडून वर येतात आणि कितीतरी रोपांच्या डोक्यावर सरकीचं टरफल टोपीसारखं तसंच असतं. त्या सरकीला चिकटलेले तंतू खरं म्हणजे बी वाऱ्यावर दूर जावं म्हणून आहेत. आपण ते ओरबाडून त्यांची लुगडी विणतो आणि बी जिथल्या तिथे पेरतो.

आदिलाबादच्या स्टँडवर उपमा खाल्ला. आमच्याकडे पोह्यांवर तर्री ओततात तशी इथे उपम्यावर शेंगदाण्याची पातळ चटणी ओततात. हॉटेलवाल्याने माझी ऑर्डर हिंदीत घेतली, आत तेलुगूत ओरडून सांगितली आणि गल्ल्यावरच्या बायकोशी सुट्ट्यावरून मराठीत भांडला. मला तिथे आणखी बसायला आवडलं असतं, पण गाडी सुटेल या काळजीने मी चहा अर्धा टाकून पळाले. गाडी मग अर्धा तास तिथेच उभी होती.

कंडक्टर ‘लोपल जरगंडी’ म्हणजे आत सरका म्हणून सगळ्यांना ढकलत होता. शेजारी बसलेल्या बाईने माझ्या पदराला चिकटलेले गेल्या सालचे वाळके गोखरू बोलता बोलता एकेक करून उपटले आणि खिडकीबाहेर फेकले. त्या काट्यांना टोकाशी आकडा असतो तो एवढ्याचसाठी, म्हणजे कुणाच्या तरी अंगावर बसून फुकटात प्रवास करायचा आणि कुणीतरी वैतागून फेकून दिलं की तिथे रुजायचं. यवतमाळचे गोखरू मी अशा रीतीने आंध्रात आणून सोडले.

मडकं

गयाबाई उंच, सडपातळ, आणि चालायला माझ्यापेक्षा झपाट्याची. मला पाहून तिने पहिलं काय केलं असेल तर हात धुवायला पाणी दिलं आणि दुसरं म्हणजे भाकरीला पीठ घेतलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली लोखंडी पेटी, आणि एका बाजूला भिंतभर मडकी. प्रत्येकाचं तोंड शेणमातीने लिंपलेलं.

ती मडकी पाहून मी विचारलं तेव्हा प्रकाशने अभिमानाने सांगितलं की अर्ध्या गावाचं ज्वारीचं बियाणं आईकडे असतं. ज्यांच्या ओसरीवर तिच्या सासूला चढू देत नसत, ती घरंही आता बियाणं राखायला हिच्याकडे आणून देतात. तिची रीत ठरलेली आहे. उभ्या पिकातली टपोरी कणसं निवडायची, दाताखाली कट्ट वाजेपर्यंत दाणा उन्हात वाळवायचा, मग मडक्यात एक थर राखेचा, एक थर कडुनिंबाच्या पाल्याचा, एक थर दाण्याचा, आणि तोंड लिंपून टाकायचं. तिच्या हातचं बी कधी वाया गेलं नाही असं गावात म्हणतात.

मोहाच्या बीला तिकडे टोळी म्हणतात. गयाबाईने त्या शेवटच्या टोळ्यांसाठी सगळ्यात चांगलं मडकं काढलं होतं. त्या दगडासारख्या होईपर्यंत वाळवल्या होत्या. राख चाळून घेतली होती. वर्षभर कुणाला मडक्याला हात लावू दिला नव्हता. हे सगळं ती मला भाकरी थापता थापता सांगत होती. ‘वाळवल्या’ हे ऐकल्याबरोबरच बीचं काय झालं असणार हे मला कळून चुकलं होतं.

मडक्याच्या तळाशी दोन टोळ्या उरल्या होत्या. जेवणाआधी मी हात धुण्याचं निमित्त करून मागे गेले आणि माझ्या छोट्या चाकूने एक चिरली. मोहाच्या बीत दोन मोठ्या डाळिंब्या असतात, पिवळसर पांढऱ्या, तेलाने भरलेल्या, आणि त्यांच्या टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढा कोंब. माझ्या हातातल्या डाळिंब्या तपकिरी पडून आक्रसल्या होत्या आणि त्यांना जुन्या खवट तेलाचा वास येत होता. कोंबाच्या जागी काळा ठिपका होता.

जेवायला बसले तर अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि लसणाचा ठेचा. एरवी मी असं जेवण सोडत नाही. त्या दिवशी मला बसवेना. दर घासाला ती विचारायची, भाजी आंबट झाली का, आणि मी नको तितकी मान हलवायची. जेवण झाल्यावर प्रकाश आणि मी शाळेच्या आवारात चकरा मारत राहिलो. मी त्याला सांगितलं की बी मेलं आहे, दोन महिने काय, दोन वर्षांनीही उगवणार नाही. त्याने आणखी एक चक्कर मारली. मग म्हणाला की सध्या जंगलात ताज्या टोळ्या पडत असतील. त्या आणून गुपचूप वाफ्यात टाकल्या तर?

मला त्यातलं खोटेपण दिसत होतं. पण काहीतरी करायला मिळणार, कुठेतरी जायला मिळणार, एवढ्यावरच मी हुरळले आणि उटनूरच्या जंगलात जायचं कबूल केलं.

उटनूर

दुसऱ्या दिवशी निघाले. आदिलाबादहून उटनूरची गाडी घाटाला लागली की दोन्ही बाजूंनी साग सुरू होतो. गाडीत भिजलेल्या माणसांची, बिडीची आणि कोंबड्यांची दाटी. उटनूरला उतरून मी एका रिकाम्या जीपवाल्याला गाठलं आणि मोहाची झाडं दिसतील तिथे सोड म्हणून सांगितलं. मला वेड लागलं असावं अशा नजरेने त्याने पाहिलं, पण एका गोंडांच्या पाड्यापाशी आणून सोडलं.

तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने मला आधी बसवलं आणि ज्वारीची गार आंबील प्यायला दिली. आमचं बोलणं तिच्या तोडक्या मराठीत आणि माझ्या हातवाऱ्यांत चाललं. ती टोळ्या तेल काढायला वेचते. एखाद-दोन टोपलीभर मोहाची फळं घेऊन ती पडवीत बसली होती आणि फळ चिमटून बी बाहेर उडवत होती. मी माझ्यासाठी थोड्या मागितल्या तेव्हा तिने टोपलीच पुढे केली आणि झाडाखाली पडलेल्याही वेच म्हणाली.

मी गेले आणि तिथे, ओल्या पाचोळ्यात, मला जे दिसलं त्यामुळे मागाहून येणाऱ्या माझ्या डोक्याने एकदाचं पायांना गाठलं. झाडावरून पडून फार वेळ न झालेल्या टोळ्यांना आताच तडा गेला होता आणि पांढरं मूळ बाहेर डोकावत होतं. कुणी पेरलं नव्हतं, कुणी माती लोटली नव्हती. साग तिथेच शेजारी होता. त्याचं फळ लाकडासारखं कठीण, वर्ष दोन वर्षं पडून राहतं, पाऊस आणि ऊन खात खात कधीतरी फुटतं. बिब्याची, पळसाची, प्रत्येकाची आपली रीत. मोहाला वाट पाहणं ठाऊकच नाही. हे मी वर्गात कितीदा शिकवलं असेल, पण त्या पाचोळ्यात बसल्यावर मला पहिल्यांदा गयाबाईचं तोंड आठवून ते शिकवणं नकोसं झालं.

टोळ्या मी ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, आणि उगाच हावरटपणा करून काही पिकली फळंही त्यात टाकली. परतीच्या गाडीत ती फळं चेंगरली, आंबूस वास सुटला, आणि पुढच्या बाकावरच्या माणसाने मागे वळून मला हिंदीत विचारलं की बाई, घरी काढता की विकत घेतली? गाडीत हशा पिकला. मोहाची दारू नेणारी मास्तरीण म्हणून मी आदिलाबादपर्यंत प्रसिद्ध झाले.

वाफा

दुसऱ्या सकाळी गयाबाई निंदणाला गेली. प्रकाशने मला खुरपं आणून दिलं आणि स्वतः शाळेत निघून गेला. त्याला ते पाहायचं नव्हतं.

घरामागे काट्यांचं कुंपण घातलेला छोटा वाफा. मी खुरप्याने माती बाजूला केली. खालची टोळी काळी, मऊ झाली होती, बोटाने दाबली तर चिखल. दुसरीही तशीच. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. माती मला फार सहज उकरता येत होती. तिथे आधीच कुणीतरी पुन्हा पुन्हा उकरलं होतं आणि हाताने परत थापटून ठेवलं होतं.

‘नवं बी टाकून राह्यल्या का, बाई?’

गयाबाई कुंपणाशी उभी होती. पाण्याची बाटली विसरली म्हणून परत आली होती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला काय करावं कळेना. माझ्या हातात खुरपं होतं, पायाशी गोणपाट उघडं पडलं होतं. मी होय म्हणून टाकलं.

ती आत येऊन वाफ्याशी बसली. ‘मेलेलं बी मले समजते. मी रोज उकरून पाह्यतो.’

मग प्रकाशला का सांगितलं नाही, मी विचारलं. ती मातीत बोटं फिरवत राहिली.

‘सांगून काय सांगू? माझ्या हातची जवारी कदी मेली नाई. हेच काऊन मेलं? माझं काय चुकलं, ते कोनी तरी सांगाव. मंग जातो मी, कुठंबी जातो.’

तिने हे मला विचारलं, पण ती फक्त बीबद्दल विचारत नव्हती, हे कळण्याइतकी अक्कल मला आहे. मला उठून पळून जावंसं वाटलं. तेवढं मात्र मी केलं नाही. बसले.

घरातून ज्वारीचे दाणे मागून घेतले. एक दाणा चिरून तिला दाखवलं की यात कोंब एवढासा आणि बाकी सगळं कोरडं पीठ. हे बी झाडावरच वाळतं, वाळलं की झोपतं, आणि पाणी मिळेपर्यंत झोपून राहतं. राख त्याला मानवते. मग ताजी टोळी चिरली. आतल्या डाळिंब्या पांढऱ्या, रसरशीत, हाताला तेल लागत होतं. हिला झोपच नाही, मी म्हटलं. फळातून निघते तीच जागी. तिला लगेच ओली माती लागते. वाळवली की ती तिथेच मरते, मग मडकं कितीही चांगलं असो. गयाबाईने दाणा आणि टोळी तळहातावर घेऊन नीट पाहिली, वास घेतला.

‘म्हंजे राखलं म्हून मेलं,’ ती म्हणाली.

मला नाही म्हणायचं होतं. पण खरं तेच होतं. मी म्हटलं, ‘हो, मावशी. पण हे बी कुणालाच राखता येत नाही. माझ्या कॉलेजातल्या थंड कपाटातही ते मेलं असतं. मलाही राखता आलं नसतं.’

‘पोरीलेबी लय जपलं व्हतं मी.’

‘त्यात तुमचं काही चुकलं नव्हतं,’ मी म्हटलं.

ती उठली. चुलीपाशी जाऊन तिने चहा टाकला, मला दिला, आणि आपला कप हातात धरून तशीच बसून राहिली. मी उगाच काट्यांचं कुंपण नीट करत होते. मग एकाएकी तिने विचारलं की हे बी असं घाईचं आहे, तर रानात कुणी पेरत नसताना ते इकडून तिकडे जातं कसं? मी सांगितलं की मोहाचं फळ वटवाघळं नेतात. झाडावरच खात बसत नाहीत, तोंडात धरून आपल्या आवडीच्या दुसऱ्या झाडावर नेतात, गर खातात आणि बी खाली टाकतात.

कप तिने खाली ठेवला. बांधावरच्या त्या मोहावर वाघळं फार यायची, ती म्हणाली, सकाळी वेचायला जावं तर निम्मी फळं गायब. आणि दिवसा ती कुठे लटकलेली असायची हे तिला पक्कं माहीत होतं. नदीच्या दरडीवर एक जुना आंबा आहे, तिथे.

पैनगंगा

शाळा सुटेपर्यंत थांबणं आम्हा दोघींनाही शक्य नव्हतं. तिने शाळेच्या खिडकीतून प्रकाशला खूण केली आणि तो पोरांना सुट्टी देऊन मागून आला. गोणपाट मी काखेत मारलं होतं. नदी गढूळ, फुगलेली. पलीकडच्या काठावर महाराष्ट्र, तिथेही कापूसच.

आंब्याखाली पाय ठेवल्याबरोबर जांभळाच्या बिया, चोथा, वाघळांची घाण. वर ती काळी गाठोडी लटकलेली. मी वाकून शोधत होते आणि गयाबाई माझ्या पुढे होती. ती थबकली. दरडीच्या कडेला, दोन मुळ्यांच्या मध्ये, वीतभर रोप होतं. शेंड्याची पानं तांबूस. मी एका पानाची कड खुडली तशी दुधाचा थेंब आला. मोहच होता. जरा पलीकडे आणखी दोन होते.

मी घाईने सांगून टाकलं, कारण तिने नको ती आशा धरू नये असं मला वाटत होतं, की हे तुमच्याच झाडाचं असेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. इथे जवळपास दुसरा मोह उरलेला नाही, एवढंच. उपटून न्यायचं म्हणाल तर तेही जमणार नाही, याचं मूळ रोपाच्या कितीतरी खाली गेलेलं असतं, तुटेल.

‘किती दिवसाचं हाय हे?’

गेल्या पावसाळ्यातलं असावं, मी म्हटलं.

गयाबाई त्याच्यासमोर चिखलात बसली. तिने हात लावला नाही.

‘म्हंजे मी मडक्यात बी भरून राह्यली व्हती,’ ती म्हणाली, ‘तवा हे इथं उगवून राह्यलं व्हतं.’

प्रकाशने तोंड फिरवलं. मी नदीकडे पाहत राहिले. वर वाघळं कुरकुरत होती.

काही वेळाने तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे गोणपाट मागितलं. उटनूरच्या त्या टोळ्यांपैकी काहींना वाटेतच तडे गेले होते. तिने पदर खोचला आणि दरडीच्या ओल्या मातीत बोटाने भोक पाडून एकेक टोळी दाबायला सुरुवात केली. जवळ जवळ, भरभर, कापूस वेचणाऱ्या हातांच्या सवयीने. प्रकाशला तिने न बघताच सांगितलं की उद्याच्या गाडीने निघू.

तो म्हणाला, ‘माय, दोन-चार राहू दे. बेल्लमपल्लीले क्वार्टरमांगं लावू.’

‘नाई, बाबू,’ ती म्हणाली. ‘हे ठेवाचं बी नव्हे.’ आणि शेवटची टोळीही तिने मातीत दाबली.